घरी शिकणाऱ्या मुलातली एडीएचडी: ओळखायची कशी, दिवस बसवायचा कसा

दहा गणितांचं एक पान. मुलगा आठ वर्षांचा. पन्नास मिनिटांनी पाहिलं तर तीन गणितं झालेली, पेन्सिलीला चार वेळा टोक काढलेलं आणि समासात एक अतिशय देखणा डायनासोर. त्याच संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर उड्या मारता मारता त्यानं उरलेली सात गणितं तोंडी सोडवली. पाच मिनिटांत, आणि एक सोडून सगळी बरोबर.

"येतं तर सगळं, मग बसून का करत नाहीस?" हे वाक्य आमच्या घरी वर्षभर तरी म्हटलं गेलं, आधी समजुतीनं आणि मग आवाज चढवून. अर्धं उत्तर त्या प्रश्नातच होतं, ते मला फार उशिरा दिसलं. त्याला येत होतं. येणं वेगळं आणि ठरल्या वेळी, ठरल्या जागी, कंटाळा आलेला असताना ते करून दाखवणं वेगळं. एडीएचडीमध्ये, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणाऱ्या या त्रासात, गाडी अडते ती या दुसऱ्या ठिकाणी. म्हणून पुन्हा पुन्हा समजावून फारसा फरक पडत नाही आणि ओरडून तर नाहीच.

नावाबद्दल थोडक्यात. १९८० साली अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या डीएसएम या निदानपुस्तिकेत 'एडीडी' हे नाव आलं, १९८७ मध्ये ते 'एडीएचडी' झालं. बोलताना लोक अजून दोन्ही वापरतात. आज त्याचे तीन प्रकार मानतात: लक्ष न टिकणं हाच मुख्य त्रास असलेला, चंचलता आणि उतावीळपणा मुख्य असलेला, आणि दोन्ही असलेला. जगभरात साधारण शंभरातल्या पाच मुलांना हा त्रास असतो. तो मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. पालकांच्या लाडांनी, साखरेनं किंवा टीव्हीनं एडीएचडी होत नाही. साखरेपुरतं बोलायचं तर १९९५ साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा साखरेनं मुलांच्या वागण्यात फरक पडलेला दिसला नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली माहिती २००७ सालच्या एका मेंदू-अभ्यासातली होती. मेंदूच्या बाह्य थराची जाडी सर्वाधिक होण्याचं वय इतर मुलांमध्ये सरासरी साडेसात वर्षं दिसलं, एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहा. वाढीचा क्रम तोच, फक्त उशिरा. मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यावरून नव्हे, पण याच्याशी जुळणारा एक ढोबळ हिशेब सांगतात: स्वतःला आवरणं, वेळ सांभाळणं, काम लावून धरणं यांच्या बाबतीत मुलाच्या वयातून साधारण ३० टक्के वजा करा. दहा वर्षांच्या मुलाची बुद्धी दहाची किंवा बाराचीही असेल, पण आपली आपण वही काढून बसण्याची अपेक्षा त्याच्याकडून सात वर्षांच्या मुलाइतकीच ठेवा. हा हिशेब डोक्यात बसला त्या आठवड्यात आमच्याकडची निम्मी भांडणं मिटली.

घर लक्षणं झाकतं आणि कधी तयारही करतं

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत शंका बहुतेकदा बाईंना किंवा सरांना येते. तीस मुलांमध्ये एक मूल वेगळं आहे हे त्यांना दिसतं. आपल्याकडे तो आरसाच नसतो. समोर एक मूल, फार तर त्याची भावंडं.

घर दोन उलट दिशांनी फसवतं. एक म्हणजे ते झाकतं. एकास एक शिकवताना आपण नकळत मुलाच्या मेंदूचं काम करत असतो. वही आपण उघडतो, बोट ओळीवर ठेवतो, "हं, पुढचं?" असं दर मिनिटाला म्हणतो, हरवलेलं खोडरबर शोधून देतो. मूल नऊ-दहा वर्षांचं होईपर्यंत सगळं बरं चाललेलं दिसतं. मग आपण म्हणतो, आता हा धडा तू तुझा वाच आणि उत्तरं लिही. तिथे सगळं कोसळतं आणि आपल्याला वाटतं, हे आत्ताच कुठून आलं?

दुसरं, घर नसलेली लक्षणं तयार करतं. झेपत नसलेलं पुस्तक, सलग दोन तासांची बैठक, शेजारच्या खोलीत खेळणारं धाकटं भावंड, सकाळपासून चिडलेला बाप. यात कुठलंही मूल चुळबुळ करेल. म्हणून निदानाच्या मागे धावण्याआधी चार ते सहा आठवडे काढायचे आणि दोन कामं करायची: नोंद आणि प्रयोग.

नोंदवही

'आज फार वेंधळेपणा केला' ही नोंद नव्हे, ती तक्रार झाली. विशेषणं टाळून आकडे लिहा. काम कोणतं होतं, सांगितल्यापासून हात लागेपर्यंत किती मिनिटं गेली, किती वेळा आठवण करावी लागली, कितव्या मिनिटाला उठला, परत आला का, आदली रात्र कशी गेली. माझ्या वहीतली एक ओळ अशी होती: 'सकाळी १०.१०, वाचन, सुरुवातीला ९ मिनिटं, आठवणी ६, चौथ्या मिनिटाला उठला, पाणी प्यायला गेला, कॅरमजवळ सापडला.' दिवसाला अशा तीन ओळी पुरतात. अभ्यासाइतक्याच अभ्यासाबाहेरच्या नोंदी महत्त्वाच्या आहेत: दात घासणं, कपडे घालणं, खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबणं, तीन वस्तू आणायला पाठवल्यावर कितीसह परत येतो.

काय पाहायचं? लक्षाच्या बाजूनं: येत असलेल्या गणितात चिन्ह वाचायचं राहून जाणं, समोर बोलत असताना ऐकलंच नाही असं वाटणं, कामं अर्धवट टाकणं, वस्तू हरवणं, डोकं लावून करायच्या लांबलचक कामाला टाळाटाळ, कालच्या गोष्टी आज विसरणं. चंचलतेच्या बाजूनं: बूड स्थिर नसणं, पायाला भिंगरी, अखंड बडबड, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर, दुसऱ्याच्या खेळात घुसणं.

"पण आवडीच्या गोष्टीत तर दोन-दोन तास रमतो" हे ऐकून पुष्कळ घरांमध्ये शंका मागे टाकली जाते. टाकू नका. ही मुलं लक्ष देऊ शकतात, त्यांना ते हवं तिथे वळवता येत नाही. नवीन, रंजक, लगेच फळ देणारं काम असेल तर ती इतकी गढून जातात की हाक ऐकू येत नाही. नोंद ठेवायची ती कंटाळवाण्या पण गरजेच्या कामांची.

आणि शांत मुलांकडे, विशेषतः मुलींकडे, मुद्दाम लक्ष द्या. खिडकीबाहेर बघत तंद्रीत बसलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. तिला 'हळवी', 'संथ', 'आपल्याच जगात' अशी नावं पडतात आणि निदान कित्येक वर्षं लांबतं.

एका वेळी एकच बदल

नोंदी सुरू झाल्यावर दर आठवड्याला एकच गोष्ट बदलून बघा. दोन बदलल्यात तर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

पहिल्या आठवड्यात पुस्तकाची पातळी एक पायरी खाली आणा. चुळबुळ गेली, तर अडचण पुस्तकात होती. दुसऱ्या आठवड्यात लेखी काम तोंडी घ्या. तोंडी झकास आणि लेखी शून्य असं सातत्यानं दिसलं, तर वाचन-लेखनाच्या अक्षमतेची तपासणी हवी. ती एडीएचडीच्या जोडीनं पुष्कळदा असते, पण एकटीही असू शकते. अक्षरांशी झगडणारं मूल दहाव्या मिनिटाला दमतं आणि दमलेलं मूल लक्ष नसल्यासारखंच दिसतं. तिसऱ्या आठवड्यात वेळ बदला. चौथ्यात शिकवणारा माणूस बदला. हा शेवटचा प्रयोग मला जड गेला. आईपुढे तो माझ्यापेक्षा बरा बसायचा, पण फरक थोडा होता. तो फरक मात्र माझ्या आवाजाचा होता, हे वहीत लिहावं लागलं.

सगळं बदलूनही तोच नमुना उरत असेल, आणि अभ्यासात, घरकामात, खेळात, आंघोळीलाही तोच दिसत असेल, तर पुढच्या पायरीला या.

दुसरं ठिकाण कुठून आणायचं?

२०१३ सालच्या डीएसएम-५ प्रमाणे निदानाच्या अटी साधारण अशा आहेत. लक्षाच्या नऊ किंवा चंचलता-उतावीळपणाच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा हवीत, १७ वर्षांपासून पुढे पाच. ती सहा महिने तरी टिकलेली आणि वयाच्या मानानं जास्त असावीत. काही लक्षणं १२ वर्षांच्या आत दिसलेली असावीत. त्यांच्यामुळे जगण्यात खरोखर अडथळा येत असावा, आणि दुसऱ्या कुठल्या कारणानं त्यांचा अधिक चांगला उलगडा होत नसावा.

घरी शिकणाऱ्या मुलाची पंचाईत आणखी एका अटीत होते: लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. तपासणारा माणूस शाळेचा फॉर्म मागतो आणि आपल्याकडे शाळा नसते. मग जिथे मूल आपल्याशिवाय, कोणाच्या तरी सूचना पाळत वेळ घालवतं ती प्रत्येक जागा 'दुसरं ठिकाण' धरा. पोहण्याचे प्रशिक्षक, तबल्याचे गुरुजी, चित्रकलेच्या बाई, वाचनालयातला गोष्टींचा तास, आठवडाभर ज्यांच्याकडे राहिला ते आजी-आजोबा.

त्यांना "चंचल आहे का हो?" असं विचारू नका. माणसं भिडेनं "छे, गुणी आहे" म्हणतात. नेमकं विचारा: सगळ्यांना एकदा सांगितलेली सूचना त्याला पुन्हा सांगावी लागते का? रांगेत थांबतो का? सामान विसरून जातो का? त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा त्याच्याकडे किती जास्त बघावं लागतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण तुलनेसाठी इतर मुलं त्यांच्याकडे आहेत, आपल्याकडे नाहीत. असं एकही ठिकाण नसेल, तर मूल दोन-तीन महिने एखाद्या गटवर्गात घाला. तपासणीसाठी म्हणून नव्हे, त्याला मित्रही लागतातच.

आधी हे वगळा

डोळे आणि कान तपासा. सर्दीनं कानात पाणी साचून राहिलेलं मूल अर्धंच ऐकतं. झोप बघा: ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. रोज घोरणारं, तोंडानं श्वास घेणारं मूल रात्री नीट झोपत नसेल तर दिवसा पेंगत नाही, उलट सैरभैर होतं. डॉक्टरांशी लोहाची कमतरता आणि थायरॉइडबद्दल बोला. भीती, चिंता, घरातलं आजारपण किंवा ताटातूट यांनीही लक्ष उडतं, आणि ते बहुधा एखाद्या तारखेपासून उडालेलं असतं. एडीएचडीला अशी तारीख नसते.

एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकायची नाही. बोलता बोलता किंवा खाता खाता मूल मध्येच काही सेकंद गोठतं, नजर शून्य होते, हाक मारून किंवा हात लावूनही परत येत नाही आणि मग काही घडलंच नाही असं पुढे चालू करतं, तर ती तंद्री नसून अपस्माराचा (फिट येण्याच्या आजाराचा) एक प्रकार असू शकतो. शक्य असेल तर फोनवर चित्रीकरण करा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.

तपासणीला जाताना

बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करा. पुढे बालमानसोपचारतज्ज्ञ, मुलांच्या विकासातले तज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ निदान करतात. रक्ताच्या चाचणीनं किंवा मेंदूच्या चित्रानं एडीएचडी ठरत नाही. असं कोणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. निदान होतं ते सविस्तर मुलाखतीतून, निरीक्षणातून आणि व्हँडरबिल्ट किंवा कॉनर्ससारख्या प्रश्नावल्यांतून. त्यांत पालकांचा वेगळा आणि शिक्षकांचा वेगळा फॉर्म असतो. शिक्षकांचा फॉर्म आपणच भरायचा नाही, आपण शिकवत असलो तरी. एकाच माणसाची दोन मतं म्हणजे दोन ठिकाणं नव्हेत. तो पोहण्याच्या किंवा तबल्याच्या शिक्षकांकडून भरून घेता येईल का, हे आधीच विचारून ठेवा.

सोबत न्या: नोंदवहीची पानं, प्रयोगांचे निकाल अर्ध्या पानात, महिन्या-दोन महिन्यांच्या अंतरानं काढलेले वह्यांचे नमुने, बाहेरच्या दोन माणसांचे चार ओळींचे अभिप्राय, आणि रांगणं-चालणं-बोलणं कधी झालं त्याची माहिती.

"शाळेत घाला, आपोआप सुधारेल" असं ऐकायची तयारी ठेवा. आम्हाला पहिल्या ठिकाणी बारा मिनिटांत हेच सांगितलं गेलं, वही न उघडता. दुसऱ्या ठिकाणी दोन बैठका झाल्या, मुलाशी वेगळं बोलणं झालं आणि नोंदवहीतल्या कॅरमच्या ओळीवर आम्ही तिघं हसलो. सल्ला पटो न पटो, 'हे तुम्ही कशावरून म्हणता?' एवढं शांतपणे विचारायचा हक्क आपल्याला आहे. दुसरं मत घेण्यात कोणाचा अपमान नाही.

निदान झालं तर मुलाला सांगा, त्याच्या भाषेत. आम्ही म्हटलं, "तुझ्या डोक्याचं इंजिन जोरदार आहे, ब्रेक मात्र अजून तयार होतायत. तोवर बाहेरून ब्रेक लावू." त्यानं विचारलं, "म्हणजे मी आळशी नाही?" हा शब्द त्यानं कुठून उचलला होता ते आम्हाला माहीत होतं.

आधार: डोक्यातलं बाहेर मांडा

या मुलांना मनातल्या मनात वेळ मोजणं, तीन सूचना धरून ठेवणं आणि दूरच्या फळासाठी आजचा कंटाळा सोसणं अवघड जातं. म्हणून वेळ, सूचना आणि फळ या तिन्ही गोष्टी डोक्याबाहेर, दिसतील अशा, आणि जिथे काम होतं नेमक्या तिथेच ठेवायच्या. स्वयंपाकघरातल्या फळ्यावरची सुंदर यादी अभ्यासाच्या टेबलापाशी निरुपयोगी असते.

*सुरुवात.* सगळ्यात जास्त शक्ती इथे घाला. पन्नास मिनिटांतली चाळीस मिनिटं सुरू न होण्यातच जातात. 'गणित कर' हे काम नाही, तो डोंगर आहे. 'पान ३४ उघड आणि पहिल्या गणिताचे आकडे वहीत उतरव' हे काम आहे. पहिली कृती इतकी लहान ठेवा की तिला नाही म्हणायला जास्त कष्ट पडावेत. आदल्या रात्री पुस्तक त्या पानावर उघडं ठेवा, पेन्सिल मध्ये. पहिलं गणित दोघांनी मिळून सोडवा आणि मग उठून जाऊ नका. शेजारी बसून आपलं काहीतरी काम करा, हिशेब लिहा, कपड्यांच्या घड्या घाला. काम करणारं माणूस जवळ असलं की ही मुलं टिकतात. त्याच्या वहीत मात्र डोकावायचं नाही. मला हे जमायला महिना लागला.

*सूचना.* दुसऱ्या खोलीतून ओरडून दिलेली सूचना दिलीच नाही असं धरा. जवळ जा, नाव घ्या, डोळ्यांत बघा, एकच गोष्ट सांगा आणि त्याच्या तोंडून परत ऐका. लहान मुलासाठी चित्रांची पट्टी, मोठ्यासाठी चिठ्ठी. झालेलं काम खोडायचा आनंद कमी समजू नका.

*वेळ.* 'वीस मिनिटं' हा शब्द त्याला काहीच सांगत नाही. वाळूचं घड्याळ किंवा रंग घटत जाणारा टायमर वेळ डोळ्यांना दाखवतो. आधी नोंदवहीत बघा, तो सरासरी किती मिनिटं टिकतो. सात असतील तर सहा मिनिटांचा डाव लावा, पंधराचा नको. सहा मिनिटं काम, तीन मिनिटं हालचाल, पुन्हा सहा. रोज जिंकत गेलं की आठ, मग दहा. मधल्या सुटीत मोबाइल-टीव्हीचा पडदा नको, कारण त्यातून परत येणं फार अवघड. दोरीच्या उड्या, भिंतीवर चेंडू, जिना.

*हालचाल.* उभ्यानं लिहू द्या, जमिनीवर पालथं पडून वाचू द्या, पाठांतर चालता चालता घ्या. २०१५ सालच्या एका अभ्यासात ८ ते १२ वर्षांचे एडीएचडी असलेले मुलगे जास्त हलत असताना त्यांची कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातल्या कामापुरती माहिती मनात धरून ठेवणं, चांगली चाललेली दिसली. 'आधी नीट बस, मग शिकू' हा आग्रह धरला की सगळं अवधान बसण्यातच खर्च होतं. घरी शिकण्याचा मोठा फायदा इथे आहे, तो वसूल करा.

*फळ.* 'महिनाभर नीट केलंस तर सायकल' याचा उपयोग नाही, तो महिना त्याच्यासाठी दुसऱ्या ग्रहावर असतो. लहान, लगेच आणि ठरलेलं हवं: तीन डावांना एक मणी, पाच मण्यांना त्यानं निवडलेली गोष्ट. मिळालेला मणी शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. बक्षिसं दोन-तीन आठवड्यांत शिळी होतात, बदलत राहा. शाबासकीही नेमकी द्या: "टायमर वाजल्यावर आपण होऊन आलास, ते पाहिलं मी."

*लेखी काम.* दहा सारख्या गणितांतली चार अचूक आली की पुरे. उत्तर तोंडी सांगू द्या, ध्वनिमुद्रित करू द्या, तुम्ही लिहून घ्या. लिहिण्याचा सराव वेगळा, रोज थोडा. गणित येतं का हे तपासताना हस्ताक्षराची परीक्षा घ्यायची नाही.

*बदलाचे सांधे.* भांडणं बहुतेक एका कामातून दुसऱ्यात जाताना होतात. दहा मिनिटं आधी एकदा सांगा, दोन मिनिटं आधी एकदा. आणि आवडीच्या कामातून थेट नावडत्यावर उडी मारायला लावू नका, मध्ये काहीतरी हलकं ठेवा.

औषधाबद्दल

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सची २०१९ सालची मार्गदर्शक सूचना अशी आहे: ४ ते ६ वर्षांच्या आतल्या मुलांत आधी पालकांना वर्तन हाताळण्याचं प्रशिक्षण, ६ ते १२ वर्षांच्या मुलांत औषध आणि हे प्रशिक्षण दोन्ही. मेथिलफेनिडेट हे पुष्कळ वापरलं जाणारं उत्तेजक औषध, अॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेलं. भूक कमी होणं आणि झोप उशिरा लागणं हे नेहमीचे दुष्परिणाम. वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब अधूनमधून बघावे लागतात. घरात हृदयविकार किंवा अचानक मृत्यूचा इतिहास असेल तर आधीच सांगा. मात्रा आपल्या मनानं वाढवायची नाही, थांबवायचीही नाही.

घरी शिकवणाऱ्यांना एक सोय असते. औषधाचा परिणाम कितव्या तासाला चांगला आहे आणि कधी उतरतो हे आपल्याला समोर दिसतं, कठीण विषय त्या वेळात बसवता येतो, आणि नोंदवही पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या हातात देता येते. एक मोहही असतो: घरीच आहे, दिवस लवचीक आहे, मग औषध कशाला? काही मुलांचं खरंच नुसत्या रचनेवर भागतं. पण मूल स्वतःवरच चिडत असेल, मित्र तुटत असतील, रस्त्यावर न बघता धावत असेल, तर प्रश्न अभ्यासापुरता राहिलेला नाही. औषध दिल्यानं पालक नापास होत नाहीत.

शिकवणाऱ्याचं काय?

त्रास आनुवंशिक असल्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना तोच असण्याची शक्यता बरीच. आरंभशूर बाप, महिन्याला नवं वेळापत्रक आणि पंधरवड्यात त्याचा बोजवारा. फॉर्म भरताना मला हे चित्र ओळखीचं वाटलं. तसं असेल तर स्वतःचीही तपासणी करून घ्या आणि वेळापत्रक स्वतःलाही पाळता येईल इतकंच ठेवा.

सगळे विषय एकट्यानं शिकवू नका. ज्या विषयावर रोज रडारड होते तो दुसऱ्या कोणाकडे द्या: जोडीदार, मावशी, शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा. आवाज चढलाच तर टायमर थांबवा, उठा, पाणी प्या, परत येऊन "चुकलं माझं" म्हणा. आणि सहा महिने प्रामाणिक प्रयत्न करूनही नातं अभ्यासापायी तुटत चाललं असेल, तर शाळेचा किंवा अर्धवेळ वर्गाचा विचार करण्यात हार नाही. मूल 'मी मूर्ख आहे', 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं बोलू लागलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून लगेच तज्ज्ञांकडे जा.

दर तीन महिन्यांनी नोंदवही पुन्हा आठवडाभर भरा आणि एक आधार काढून बघा. एकच, दोन आठवडे. काढून चाललं तर छान, नाही तर गाजावाजा न करता परत लावायचा. आमचा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. सध्या टायमर काढलाय, दुसरा आठवडा चालू आहे. कालच्या पानावर लिहिलंय: 'निबंध, सुरुवातीला ११ मिनिटं, आठवणी ४.' म्हणजे सोमवारी टायमर बहुतेक टेबलावर परत येणार.